खडबडीत दगडी फरशी घरात-बागेत लावायचीय? रंगाच्या आधी पाणी बघा

दगडी फरशी घ्यायला गेलं की सगळे आधी रंग बघतात, मग भाव, आणि पाण्याचा विचार फरशी बसल्यावर पहिल्या पावसात होतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यामुळे फरशी जिथे लागणार तिथे पाणी कुठून येतं, किती वेळ थांबतं आणि कुठे निघून जातं हे आधी ठरवा, निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

कलबुर्गीकडची शहाबादी, राजस्थानची कोटा, आंध्रची कडप्पा, तेलंगणातली पिवळी तांदूर, हे सगळे चुनखडीचे दगड. मजबूत, स्वस्त, आपल्या गवंड्यांच्या हातातले, पण अ‍ॅसिडचे वैरी. लिंबू सांडून राहिलं तरी डाग पडतो. आणि काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड ओतायची जी सवय आहे ना, ती आधीच बंद करायला सांगा, कारण त्या एका धुण्यात कोटाचा हिरवा रंग कायमचा पांढुरका होतो. धोलपूर वगैरे सँडस्टोनला अ‍ॅसिडचा तेवढा त्रास नाही पण तो पाणी पितो. दुकानात कोरड्या तुकड्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा: थेंब तसाच उभा राहिला तर दगड घट्ट आहे, लगेच आत मुरून काळा डाग उमटला तर तेलही तसंच मुरणार, म्हणजे ओट्याजवळ तो नको. स्लेट भिंतीवर सुंदर दिसते, पण उघड्यावरच्या जमिनीला लावली तर पापुद्रे सुटू शकतात, मी तरी लावणार नाही.

खडबडीतपणा किती हवा हे तिथे चप्पल घालून चालणार की अनवाणी यावर ठरवा. अंगण, बाहेरच्या पायऱ्या, पार्किंगचा उतार इथे फ्लेम केलेला (आगीच्या झोताने खरखरीत केलेला) ग्रॅनाइट किंवा छिन्नीने टाकी मारलेला दगड बिनधास्त घ्या. घरात मात्र आपण अनवाणी फिरतो, रोज केर काढतो, फडकं मारतो, तिथे लेदर फिनिश (चामड्यासारखा हलका उंचसखल, मऊ पोत) किंवा नुसती न घासलेली कोटा पुरते, जास्त खरखरीत घेतली तर फडकं अडकतं आणि खड्ड्यांत मळ बसतो. बाथरूमलाही हाच मधला पोत, कारण साबणाचा थर खोल खाचांत बसला की निघत नाही. आणि दक्षिण-पश्चिमेच्या गच्चीवर काळी कडप्पा नको, मे महिन्यात दुपारी पाय ठेवता येत नाही, तिथे पिवळी तांदूर किंवा जैसलमेर बरी.

बसवताना पहिली गोष्ट उतार. खडबडीत दगडावर पाणी हळू वाहतं म्हणून गुळगुळीत फरशीचा ढाळ इथे पुरत नाही, उघड्यावर दहा फुटाला दीड ते दोन इंच ढाळ धरा, आणि तो घराकडून बाहेर, भिंतीकडे कधीच नाही. गवंड्याला सूत बांधायला लावा, नुसत्या नजरेवर सोडू नका. खाली कोबा झालेला असावा, त्यावर एक-दीड इंच माल (कालवलेलं सिमेंट-वाळू), फरशीच्या पाठीची धूळ धुवून सिमेंटचा घोळ, मग फरशी ठेवून रबरी हातोडीने ठोकत बसवायची. इथे तुम्ही स्वतः हजर राहा. दुसऱ्या दिवशी नाण्याने प्रत्येक फरशीच्या चारही कोपऱ्यांवर टकटक करा, भरीव आवाज आला तर ठीक, एखादा कोपरा पोकळ वाजला तर खाली माल पोचलेला नाही, ती फरशी तेव्हाच उचलून परत बसवून घ्या, नाहीतर गाडीचं चाक किंवा कुंडी तिथेच पडेल आणि फरशी तडकेल. दर्जा, म्हणजे दोन फरश्यांमधल्या फटी, घरात 3 मिमी चालतात, बाहेर 8 ते 10 मिमी ठेवा, कारण हाताने फोडलेल्या दगडाच्या कडा सरळ नसतात. दर्जा भरताना सिमेंट फरशीच्या तोंडावर सुकू देऊ नका, खडबडीत पोतातून ते मग निघत नाही, ओल्या स्पंजने लगेच पुसत जायचं. सात दिवस पाणी मारा.

सँडस्टोन, ग्रॅनाइट कटरने कापताना पाणी सोडूनच कापायला सांगा आणि कारागिराला चांगला मास्क द्या. ही धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही, दोन-चारशे रुपयांचा प्रश्न आहे, आपणच आणून द्यावा.

भिंतीला लावायचा असेल तर वजन लक्षात घ्या, एक इंच जाडीचा दगड चौरस फुटाला साधारण सहा किलो भरतो. म्हणून भिंतीला 10 ते 20 मिमीचाच घ्या, प्लास्टरला टाचे मारून घ्या, सिमेंटऐवजी दगडासाठीचं अ‍ॅडहेसिव्ह वापरा, आणि उंच भिंत असेल तर स्टीलच्या क्लॅम्पशिवाय लावू नका. रंग दिलेली भिंत असेल तर आधी रंग खरवडा. दिवा भिंतीपासून सहा-नऊ इंचांवर, वरून खाली प्रकाश पडेल असा लावला की दगडाचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, समोरून फोकस मारला तर तीच भिंत सपाट दिसते. कोकणात, गोव्यात जांभा आहेच, त्याच्या पातळ फरश्या पण मिळतात, फक्त त्यावर चकचकीत वॉर्निश मारू नका, आतली ओल अडकते आणि थर सोलून येतो. झाडांच्या वाफ्याच्या भिंतीला दगड लावताना आतून वॉटरप्रूफिंग आणि खाली पाणी निघायला भोकं हवीतच, नाहीतर मागून ओल येऊन पांढरा खार फुटत राहतो.

बागेतली पायवाट तर सिमेंटशिवाय पण होते आणि मला तीच जास्त आवडते, पाणी जमिनीत मुरतं. सहा-सात इंच खणा, चार इंच मुरूम टाकून पाणी मारून धुम्मस करा, त्यावर इंच-दीड इंच कच (दगडाचा बारीक चुरा), आणि वर 30-40 मिमी जाडीचे दगड. एका दगडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दोन फूट पकडा, पण घरातल्या आजी-आजोबांना एकदा चालायला लावून अंतर कमी करा. लॉनमध्ये दगड गवताच्या पातळीला बसवा म्हणजे मशीन वरून जातं, नुसत्या मातीत असेल तर थोडा वर, नाहीतर चिखलाने झाकला जातो.

सीलर (दगडात पाणी आणि डाग मुरू न देणारं द्रावण) हवं असेल तर आत मुरणारं घ्या, वर चमक देणारं बाहेर नको, ओलं झालं की घसरतं. बसवल्यावर दोन-तीन आठवडे पूर्ण सुकू द्या, मग लावा. शेवाळ आलं तर कडक ब्रश आणि पातळ ब्लीचचं पाणी, दहा मिनिटं ठेवून धुवा, झाडांच्या मुळांकडे ते जाऊ देऊ नका, आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. माल घेताना दहा टक्के जास्तच घ्या, वेड्यावाकड्या आकाराचा दगड असेल तर पंधरा, आणि उरलेल्या आठ-दहा फरश्या जिन्याखाली ठेवून द्या, पुढच्या वर्षी त्याच खाणीचा माल आला तरी रंग तोच असेल असं नाही.