बीटा टीमची नोंदवही सगळ्यांची

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत 2015 च्या हंगामात सीआरिओ हा रोबोट चालवणारा कंट्रोलर जाऊन रोबोरिओ आला. निवडक टीमना मात्र तो आदल्या वर्षीच चाचणीसाठी मिळाला होता; अशा टीम म्हणजे बीटा टीम. जानेवारीत खेळ जाहीर होतो तेव्हा अशा टीमच्या मुलांचा हात बसलेला असतो आणि बाकीच्यांचं खोकंही फुटलेलं नसतं. ही तफावत भरून काढणं बीटा टीमचंच काम आहे, असं मी मेंटॉर म्हणून पहिल्या दिवशीच सांगते.

आधी आयोजकांशी झालेला चाचणीचा करार वाचा. काय सांगायचं, काय नाही आणि कधीपासून, ते भिंतीवर लिहून लावा. शंका आली तर आयोजकांना लेखी विचारा. जे उघड करता येत नाही ते मैत्रीतल्या टीमलाही सांगायचं नाही. सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही.

मग नोंदी. फर्मवेअरची, म्हणजे कंट्रोलरच्या आतल्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती, वायरिंगचा फोटो, बॅटरीचं व्होल्टेज. व्होल्टेज हवंच, कारण पहिल्या पिढीचा रोबोरिओ 6.3 व्होल्टच्या खाली मोटारींचे आउटपुट स्वतःच बंद करतो, आणि मुलांना वाटतं कोड चुकला. 'मधूनच बंद पडतो' हे वाक्य मी खोडायला लावते. किती वेळा चालवला, त्यात किती वेळा बंद पडला, ते लिहा.

एकदा आमची मुलं 'नव्या कंट्रोलरवर कॅन बस तुटते' असा अहवाल पाठवायलाच निघाली होती. कॅन बस म्हणजे कंट्रोलर आणि मोटारी चालवणारी उपकरणं यांच्यात संदेश नेणाऱ्या दोन वायरी. मी वीज बंद करून पिवळ्या-हिरव्या वायरींवर मल्टिमीटर धरायला लावला. दोन्ही टोकांना 120 ओहमचा रोध असला की मीटरवर साधारण 60 दिसतात. आम्हाला 120 दिसले. एका टोकाचा रोध जोडायचाच राहिला होता! तो अहवाल गेला असता तर कितीतरी टीमनी विनाकारण धसका घेतला असता. तेव्हापासून दोष दिसला की तीच जोडणी जुन्या कंट्रोलरवर करून बघतो, मगच लिहितो.

पडताळून झालं की त्याच संध्याकाळी सगळ्यांसाठी खुलं करा, चाललेला आणि न चाललेला कोडही. भाषा नीट करायला थांबू नका. अडचणीवर तोड सापडली असेल तर ती सगळ्यात आधी द्या. तीच दडवून ठेवावीशी वाटते.

खेळ जाहीर होण्याआधी टीममधल्या सगळ्यात नवख्या मुलीला नोंदी आणि कंट्रोलर द्या. तुम्ही गप्प बसा. ती जिथे अडेल, तिथलं वाक्य पुन्हा लिहा.