जुना पॉवर टिलर असेल तर आधी हिच बनवा, अवजारं मग

कोकणात बऱ्याच घरी एक जुना पॉवर टिलर असतोच, मांगराच्या (शेतातल्या खोपटाच्या) बाजूला ताडपत्रीखाली. मित्सुबिशी शक्ती म्हणा, कॅमको म्हणा, 12-13 एचपीचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, नीट ठेवलं तर सहजासहजी मरत नाही. पण त्याला बाहेर काढतात फक्त चिखलणीपुरता, लावणी झाली की परत ताडपत्री. खरं तर त्याच मशीनवर ट्रॉली, सरी, पंप सगळं चालतं आणि यातलं बरंचसं भंगाराच्या लोखंडातून होतं. फक्त लोक सुरुवात उलटी करतात, आधी नांगर बनवतात आणि मग तो मशीनला लावायचा कसा म्हणून वेल्डिंगची ठिगळं. आधी हिच बनवा, म्हणजे टिलरच्या मागे अवजार अडकवायचा जोड. एकच हिच, आणि पुढचं प्रत्येक अवजार त्याच हिचच्या मापाने.

रोटरी (मागची माती फिरवणारी पाती) सोडवली की मागे गिअरबॉक्सच्या तोंडावर बोल्टची भोकं मोकळी दिसतात, तिथे हिचची प्लेट बसवायची. टेपने माप घेत बसू नका, त्या तोंडाला जरासं ग्रीस फासा, जाड पुठ्ठा वर दाबून धरा, छाप उमटतो, तो कापून बोल्ट घालून बघा आणि बरोबर बसला की मगच 10 किंवा 12 एमएमच्या प्लेटवर आखा. तिथून ऑइल झिरपत असेल तर प्लेटखाली गॅस्केट हवंच. प्लेटच्या मागच्या बाजूला दोन उभे कान वेल्ड करायचे, मध्ये अवजाराचा दांडा जाईल एवढी फट ठेवून. कानांना भोकं पाडताना दोन्ही कान एकत्र क्लॅम्प करून एकदमच ड्रिल मारा, वेगवेगळी पाडलीत तर पिन कधीच सरळ जाणार नाही, दर वेळी हातोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचं भोक 20 एमएमच्या पिनसाठी, त्यावर दांडा झुलतो. त्याच्या खाली साधारण 8 सेंटीमीटरवर दुसरं भोक, त्यात फक्त 6 एमएमचा साधा मऊ बोल्ट. हा बोल्ट तुटायलाच लावलाय. आपल्याकडे वीतभर मातीखाली कुठे जांभा लागेल सांगता येत नाही, फाळ दगडात अडकला की काहीतरी तुटणारच, ते काय तुटावं हे आपण ठरवायचं. बोल्ट तुटला की दांडा वरच्या पिनवर मागे झुलतो, मशीन थांबवा, नवीन बोल्ट घाला, चला पुढे. त्या जागी कोणी हौसेने 8.8 चा हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचा बोल्ट टाकला की मग तुटतो गिअर नाहीतर केसिंग, आणि जुन्या मॉडेलचा गिअर शोधायला कुठे कुठे फिरावं लागतं ते ज्याने शोधलाय त्याला विचारा. साध्या मातीतही 6 चा बोल्ट सारखा तुटत असेल तर 8 वर जा, त्यापुढे नको, त्यापेक्षा फाळाची खोली कमी करा.

लोखंड आणताना वजनाचा हिशोब घरून करून जा, भंगारवाल्याकडे सगळं किलोवर असतं. पट्टीचं मीटरला वजन म्हणजे रुंदी गुणिले जाडी, दोन्ही एमएममध्ये, गुणिले 0.00785. म्हणजे 50 बाय 6 ची पट्टी मीटरला 2.36 किलोच्या आसपास. गोल सळीला व्यास गुणिले व्यास भागिले 162, म्हणजे 16 ची सळी 1.58 किलो. 40 बाय 40 बाय 5 चा अँगल मीटरला 3 किलो धरा. काय शोधायचं? जुन्या पलंगाचे आणि शेडचे अँगल, जीपच्या कमानीचे (स्प्रिंगचे) पाटे, जुनं अॅक्सल. काय घ्यायचं नाही तेही सांगतो, डिझेल-पेट्रोलचे किंवा थिनरचे रिकामे ड्रम कापायला घेऊ नका, आत वाफ राहते आणि ठिणगी पडली की स्फोट होतो. गॅल्वनाइज्ड पाइप वेल्ड करायचा असेल तर वेल्डच्या जागेचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर काम करा, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

वेल्डिंग स्वतः करणार असाल तर 5-6 एमएमच्या मालाला 3.15 चा रॉड, म्हणजे दुकानात दहा नंबर म्हणतात तो, 100 ते 120 अँपिअरवर. आधी सगळीकडे फक्त टाके मारा, गुण्यात आहे का बघा, मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून भरा, एकाच बाजूने भरत गेलात की अँगल केळ्यासारखा वाकतो. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा आणि शक्यतो अवजार टिलरला लावलेलं असताना वेल्डिंग करूच नका, काढून खाली करा, कारण करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगला टिकल्या पडतात.

पहिलं अवजार करायचं तर सरीचा फाळ करा. भात कापून झालं की त्या ओलीवर भुईमूग, वाल, कुळीथ घेणारे आहेत, उन्हाळी भाजी लावणारे आहेत, त्यांना हे लगेच उपयोगी. दांड्याला 50 बाय 16 ची पट्टी, फाळाला जीपच्या कमानीचा पाटा. पाटा वेल्ड करायच्या नादी लागू नका, तो स्प्रिंगचा स्टील आहे, साध्या रॉडने चिकटल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच दगडाला वेल्डच्या कडेने तडकतो. बोल्टने बसवा. पण त्याला ड्रिल लागत नाही, बिटाचं टोक जळून जातं, म्हणून लोहाराकडे नेऊन भट्टीत लालबुंद करायचा आणि राखेत पुरून रात्रभर निवू द्यायचा, मग भोकं आरामात पडतात. धार परत कडक करायची ती पाण्यात नाही तर तेलात, हे लोहाराला सांगायची गरज पडू नये पण सांगा. दोन बाजूचे पंखे 3 एमएमच्या पत्र्याचे चालतात, बिजागरीवर ठेवलेत तर सरी रुंद-अरुंद करता येते.

चिखलणीची लोखंडी चाकं घरी करता येतात, एक चाक म्हणजे 40 बाय 6 च्या पट्टीच्या दोन रिंगा आणि मध्ये अँगलच्या फळ्या. 70 सेंटीमीटरच्या रिंगेला 2.2 मीटर पट्टी लागते. व्यास टायरपेक्षा मोठा करू नका, मोठं चाक म्हणजे गिअरबॉक्सवर जास्त ताण. फळ्या तिरक्या लावायच्या असतील तर डावं आणि उजवं चाक एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखं पाहिजे, दोन्ही एकाच बाजूचे झाले की मशीन एकीकडे ओढतं. आणि ही चाकं घालून डांबरी रस्त्यावर जायचं नाही, खाचरापर्यंत टायरवर जा, तिथे बदला.

ट्रॉलीबद्दल मात्र जरा थांबून वाचा. शेणखत, पातेरा, नारळ, चार चिरे, सगळं तिच्यावरच येतं त्यामुळे सगळ्यांना आधी ट्रॉलीच हवी असते. ट्रॉलीचा जोड वेगळा लागतो, हिचच्या दोन्ही भोकांत पूर्ण ताकदीच्या पिना घालून एक तुकडा घट्ट बसवायचा (इथे तो 6 एमएमचा बोल्ट चालणार नाही, त्यासाठी खालच्या भोकाच्या बाजूला अजून एक मोठं भोक आधीच पाडून ठेवा) आणि त्याच्या मागे उभी पिन, वळायला. शिवाय ट्रॉलीच्या दांड्याला लांबीच्या अक्षावर फिरायलाही मोकळीक पाहिजे, आपल्या पाणंदीत एक चाक दगडावर आणि एक खड्ड्यात असतं, ती मोकळीक नसेल तर हिच पिळवटून तुटते. अॅक्सल भाराच्या मध्याच्या थोडं मागे घ्या, म्हणजे भाराचा दहावा हिस्सा हिचवर येईल. मागे भार जास्त झाला की हिच वर उचलला जातो आणि टिलरच्या चाकांची पकड सुटते.

अॅक्सल घ्याल ते ब्रेक ड्रमसकट घ्या. ब्रेक नसलेली ट्रॉली कोकणात बनवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, सपाट मुलखात चालेल, घाटीत नाही. टिलरचं एक विचित्र आहे, सपाटीवर डावा स्टिअरिंग क्लच (त्या बाजूचं चाक इंजिनापासून सोडवणारा) दाबला की मशीन डावीकडे वळतं, पण उतारावर मागून ट्रॉली ढकलत असते तेव्हा तोच डावा क्लच दाबला की मशीन उजवीकडे जातं, कारण सुटलेलं चाक मोकळं पळतं आणि इंजिनाला जोडलेलं चाक धरून ठेवतं. हे माहीत नसलेला माणूस बांधाच्या बाजूला वळवायला जातो आणि दरीच्या बाजूला जातो. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, मेन क्लच दाबू नका, स्टिअरिंग क्लचला हात लावू नका, टिलरची दांडी हाताने ढकलून वळवा आणि वेग ट्रॉलीच्या पायब्रेकने धरा.

पंपाचं सोपं आहे. व्हाळाला (ओढ्याला) किंवा विहिरीवर पाणी खेचायला सेंट्रिफ्युगल पंप पट्ट्यावर चालवायचा, इंजिनचे फेरे गुणिले इंजिनची पुली बरोबर पंपाचे फेरे गुणिले पंपाची पुली. इंजिन 2000 वर आणि पुली 120 एमएमची, पंपाला 2900 हवेत, तर पंपाची पुली 83 च्या आसपास. पंप जोरात फिरवला की पाणी जास्त म्हणून लहान पुली टाकू नका, फेरे 10 टक्के वाढले की ताकद 33 टक्के जास्त लागते, इंजिन तापतं. पट्ट्यावर जाळीचं झाकण पाहिजेच, लुंगी, टॉवेल, ओढणी काहीही ओढलं जातं.

रंग मारताना कंजूषी नको. खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड एका पावसात सोलपटतं. आधी वायर ब्रश, रेड ऑक्साइडचे दोन हात, मग इनॅमल, आणि वेल्डच्या सांध्यांत ब्रश घालून भरा कारण गंज तिथून सुरू होतो. चिखलाचं काम झालं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पिना-भोकांत ग्रीस भरा आणि अवजारं मांगरात वाशाला टांगा, जमिनीवर ठेवू नका. पिना आणि 6 एमएमचे सुटे बोल्ट एका डब्यात घालून डबा टिलरच्या दांडीलाच तारेने बांधा, नाहीतर ऐन कामात पोराला घरी पिटाळावं लागतं.