वाडीवरच्या घरात पहिल्या संध्याकाळी या चुका टाळा

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावाच्या अलीकडे एका वाडीवर आम्हा मित्रांचं कौलारू घर आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, परसात विहीर, आणि वीज असली तर असली. थंडी पडली की ओळखीपाळखीचं कुणी ना कुणी चावी मागायला येतं आणि सोमवारी तक्रारी घेऊन परत येतं. तक्रारी त्याच, कारण चुकाही त्याच. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली चूक, अंधार पडल्यावर पोचणं. मुंबईहून निघायला उशीर, घोटीला मिसळ, भंडारदऱ्याला धरणापाशी फोटो, आणि शेंडी सोडेपर्यंत दिवेलागण. मग मोबाइलच्या बॅटरीत कुलूप उघडायचं, बॅगा कोपऱ्यात फेकायच्या आणि घडी न उलगडता गादीवर लोळायचं. बंद घरातला काळोखा कोपरा ही कुणाची तरी जागा असते, एवढं तरी ध्यानात घ्या. इथे फुरसं आहे, विंचू आहे, आणि मण्यार तर रात्रीच हिंडते. तिचा चावा इतका बारीक असतो की झोपलेल्याला कळतही नाही. मग पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि घरचे म्हणतात, काल खाल्लेलं बाधलं.

माझी सवय सांगतो. उजेड असताना पोचायचं आणि चहाच्या आधी अंथरूण अंगणात काढायचं. काठीने बडवायचं, उशीचे अभ्रे उलटे करायचे. सरपणाच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं. बॅगेची चेन बंद ठेवून ती खुंटीला टांगायची. बूट दाराबाहेर काढले तर सकाळी आपटून घालायचे. जमिनीवर झोपणार असाल तर मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली चारही बाजूंनी खोचा. हे सगळं अर्ध्या तासात होतं. पण लोकांना तो अर्धा तास रीलसाठी हवा असतो.

शेजारच्या घरी जाऊन रामराम करायचा आणि साप-विंचवाच्या विषावरचं औषध असलेला जवळचा सरकारी दवाखाना कुठे, हेही विचारून ठेवायचं. रेंजचा भरवसा नाही. 108 ला फोन लावायलाही आधी टेकाड चढावं लागतं. लाल विंचवाला हसू नका. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन देऊन त्याचे बळी कितीतरी कमी केले, पण ते औषध मिळायला माणूस वेळेत दवाखान्यात पोचावा लागतो.

आता माझं खरं दुखणं, म्हणजे निखारे.

एका डिसेंबरात चार पोरं राहायला आली होती. रात्री अंगणात शेकोटी झाली, गाणी झाली. गारठा वाढल्यावर त्यांनी घमेलंभर लाल निखारे आतल्या खोलीत नेले, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि झोपले. त्या खोलीला आमच्यातल्याच एका हौशी मित्राने प्लायचं छत मारलंय, त्यामुळे कौलांतून वारा जायची वाट बंद. पहाटे एकाला लघवीला जाग आली, तो दार उघडून अंगणात आला आणि तिथेच कोसळला. शेजारचे बाबा गुरांना बघायला उठले होते, म्हणून निभावलं. त्यांनी बाकीच्या तिघांना ओढून बाहेर काढलं. डोकी फुटायची वेळ, उलट्या, पाय लटपटतायत. बाबा एवढंच म्हणाले, “आरं, इस्तू आत घिऊन दार लावतेत व्हय?” पोरांचं मात्र एकच पालुपद, “पण धूर नव्हता हो!”

घोळ नेमका तिथे आहे. धूर असता तर खोकून जागे झाले असते. धगधगत्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट धरून ठेवतं, म्हणून माणूस गुंगीतच जातो. यावर हमखास विचारतात, गावातले लोक घरात चूल पेटवतातच ना? पेटवतात. पण त्यांच्या डोक्यावर उघडी कौलं असतात आणि फटीत टॉवेल कोंबलेला नसतो. थंडी वाजते? दोन घोंगड्या घ्या, कानटोपी घाला, गरम पाण्याची बाटली पायाशी ठेवा. निखाऱ्यांवर पाणी ओता आणि मगच झोपा. यात माझ्याशी वाद घालू नका.

चूल पेटत नाही म्हणून बाइकमधलं पेट्रोल ओतणारे वीरही पाहिलेत. एकाच्या भुवया गेल्या. अरे, आधी गोवरीचा तुकडा, वर बारीक काटक्या, त्यांनी धरलं की मग बोटाएवढं लाकूड, आणि हातात फुंकणी. ओंडका शेवटी. पावसाळ्यात सरपण चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं की दुसऱ्या दिवशी आपोआप सुकं मिळतं. पण धीर नावाची वस्तू शहरातून आणायची राहते.

बाकीच्या किरकोळ. विहिरीचं पाणी उकळून प्या, नुसतं गाळून नाही. खाणं झाकणाच्या डब्यात ठेवा, चिप्सचं पाकीट उशाशी घेऊन झोपलात तर रात्री उंदीर येणारच. ओसरीवरचा पांढरा दिवा पावसाच्या तोंडावर लावू नका, ताटात पाखरं पडतील. गॅसची शेगडी पेटवण्याआधी रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. आणि तो ब्लूटूथ स्पीकर गाडीतच राहू द्या, शेजारचे बाबा आठलाच झोपतात.