जावई अमेरिकेत, लेक खानापुरात: व्हिसासाठी उत्पन्नाचा हिशेब कसा बसवायचा

सीमाभागात सोयरीक जुळवताना ऊस किती टन जातो ते विचारतात. लेकीला कायमचं अमेरिकेत न्यायचा व्हिसा देणारा अधिकारी मात्र आधी जावयाचं उत्पन्न बघतो. त्यासाठी जावयाने आय-८६४ हा फॉर्म भरायचा. जोडीदाराचा भार सरकारवर पडू देणार नाही, अशी ही कायद्याने बांधणारी हमी आहे. घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही, तेव्हा सही करण्याआधी नीट वाचा.

पहिलं काम, माणसं मोजा. जावई, लेक, मुलं, करात दाखवलेली अवलंबून माणसं आणि पूर्वी कुणासाठी अशी हमी दिली असून ती अजून चालू असेल, तर तोही माणूस. किमान उत्पन्नाच्या २०२५ च्या सरकारी तक्त्याप्रमाणे दोघांना वर्षाला २६,४३७ डॉलर लागत होते, तिघांना ३३,३१२. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे. तक्ता दरवर्षी बदलतो. चालू वर्षाचाच घ्या.

मग कागद: शेवटच्या वर्षाचं कर विवरणपत्र, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र. जावयाचा स्वतःचा धंदा असेल तर जपून. कर वाचवायला खर्च फुगवलेला असतो, आणि तेच कमी उत्पन्न इथे आडवं येतं.

उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते. जावई अमेरिकेचा नागरिक असेल तर तुटीच्या तिप्पट, ग्रीन कार्डवाला असेल तर पाचपट. म्हणजे नागरिकाला ४,००० डॉलर कमी पडले, तर १२,००० ची मालमत्ता.

खरा घोळ इथेच होतो. सासरे उत्साहाने आठ एकरांचा उतारा पुढे करतात, पण त्यावर नाव असतं आजोबांचं! जमीन लेकीच्या किंवा जावयाच्या नावावर हवी. अकराव्या रकान्यात सोसायटीचा बोजा असेल तर तेवढी रक्कम वजा होते. शिवाय वर्षभरात विकून पैसे हातात येतील, असं दाखवावं लागतं. माझं विचाराल तर लेकीच्या नावची एफडी शंभर पटीने सोपी.

तेही जमत नसेल तर दुसरा हमीदार शोधा. तो नातलगच हवा असं नाही, पण नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, अठरा पूर्ण आणि अमेरिकेत राहणारा हवा. अट त्याने एकट्याच्या बळावर भरायची. त्याचे थोडे, जावयाचे थोडे, अशी बेरीज चालत नाही.

आपला उतारा कन्नडमध्ये निघतो. त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि ते अचूक असल्याचं भाषांतरकाराकडून सहीनिशी लिहून घ्यायला विसरू नका.