कमी पाण्यात कार्पेट: रात्री धुवा, सकाळी चालू द्या

हिंजवडीतल्या एका ऑफिसचं कार्पेट मी एकदा असं काही धुतलं की स्वतःवरच खूश झालो. पाणी मारलं, खेचलं, परत मारलं. जुलै महिना, रात्री एसी बंद. सकाळी साडेनऊला माणसं आली तेव्हा बूट चपचपत होते. तिसऱ्या दिवशी फॅसिलिटीच्या मॅडमचा फोन: "दादा, अख्ख्या मजल्यावर ओल्या गोणपाटाचा वास येतोय." त्यात ते रेज्ड फ्लोअर, खाली केबलसाठी पोकळी ठेवलेली जमीन, म्हणजे टाइल्सच्या फटीतून उतरलेलं पाणी थेट केबलवर. नशीब, काही उडालं नाही. पैसे अर्धेच मिळाले आणि तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

तेव्हापासून ऑफिसच्या कार्पेट टाइल्सना, म्हणजे चौकोनी तुकड्यांच्या कार्पेटला, मी कमी पाण्याची पद्धत वापरतो. पण नव्याने या धंद्यात येणारी पोरं समजतात की पाणी कमी म्हणजे मेहनत कमी. तसं नाही. पाणी वाचतं तिथे व्हॅक्यूम वाढतो.

कार्पेटमधली बहुतेक घाण ही कोरडी माती असते. तिच्यावर पाणी पडलं की तिचा चिखल होतो आणि तोच आपण मशिनने धाग्यात घासून बसवतो. म्हणून आधी व्हॅक्यूम, तोही फिरत्या ब्रशचा. नुसत्या नळीने वरचा कचरा जातो, मुळातली रेती जात नाही. दरवाजा, लिफ्टसमोरची जागा, पँट्रीचा रस्ता इथे सावकाश, आडवं आणि उभं दोन्हीकडून. माझ्या कामाचा निम्मा वेळ यातच जातो.

मग धागा ओळखा. कपाटाखालच्या टाइलच्या कडेचा एक तंतू कापून ग्लासभर पाण्यात टाका आणि बोटाने बुडवा. परत तरंगला तर पॉलिप्रॉपिलिन, बुडाला तर बहुधा नायलॉन. पॉलिप्रॉपिलिन तेल धरून ठेवतं, त्यामुळे पँट्रीजवळ ते काळपट दिसतं आणि जास्त घासावं लागतं. तंतू जाळल्यावर केस जळाल्यासारखा वास आला तर ती लोकर. तिथे जहाल अल्कली नको, जोरात घासणंही नको.

आता केमिकल. या पद्धतीला एन्कॅप्स्युलेशन म्हणतात. द्रावणातलं पॉलिमर मळाभोवती वाळतं, त्याचा ठिसूळ चुरा होतो आणि तो व्हॅक्यूममध्ये येतो. साध्या शॅम्पूचा चिकटपणा मात्र धाग्यावरच राहतो. म्हणूनच शॅम्पू केलेलं कार्पेट पंधरा दिवसांत पहिल्यापेक्षा मळकं दिसतं. कॅन विकणारा काहीही सांगेल, तुम्ही घरी तपासा. काचेच्या बशीत चमचाभर द्रावण रात्रभर ठेवा आणि सकाळी नाण्याने खरवडा. कोरडा चुरा निघाला तर माल खरा. काकवीसारखं चिकटलं तर तो कॅन परत करा.

प्रमाण डब्यावर लिहिलंय तेवढंच. "थोडं जास्त टाकलं तर जास्त साफ" हा आमच्या पोरांचा लाडका गैरसमज. फवारणीला मी साधारण 100 स्क्वेअर फुटांना 1 लिटर धरतो, म्हणजे 5,000 फुटांचा मजला 50 लिटरमध्ये होतो. एका वेळी खोलीएवढाच भाग फवारा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, वाळायच्या आत मशिन फिरवा. दोन उलट्या फिरणाऱ्या ब्रशचं मशिन असेल तर उत्तम, धागा उभा राहतो. नसेल तर 17 इंची सिंगल डिस्कखाली, म्हणजे एकच गोल तबकडी फिरवणाऱ्या मशिनखाली, मायक्रोफायबर पॅड लावा. पॅड पिळून ओलसर हवा, निथळता नको. काळा झाला की उलटा करा, दुसरी बाजू काळी झाली की बदला. दहा पॅड लागणार असतील तर दहा न्या, नाहीतर एका कोपऱ्यातली घाण दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवाल. आणि एका जागी उभं राहून मशिन घुमवू नका. कापलेल्या धाग्याच्या कार्पेटवर गोल वळ उठतात, ते जात नाहीत.

जिथे थेंबभर पाणीही चालत नाही, तिथे ओलसर पावडर पसरून ब्रशने मुरवतात आणि वीस-तीस मिनिटांनी खेचून घेतात. पद्धत चांगली, पण पावडर कोपऱ्यात आणि फ्लोअर बॉक्सच्या, म्हणजे जमिनीतल्या प्लगच्या डब्याच्या, खाचेत अडकते. मी ती फक्त लोकरीला ठेवतो.

डागांपैकी आपल्याकडचा राजा म्हणजे हळद. बिर्याणीच्या डागावर अल्कलीचा स्पॉटर, म्हणजे डाग काढायचं द्रावण, मारलात की तो पिवळ्याचा लाल होतो आणि क्लायंटचा चेहराही. आधी तेल काढा, मग पेरॉक्साइडचा स्पॉटर, तोही कोपऱ्यात रंग तपासूनच. चहा-कॉफीचा डाग निघाल्यासारखा दिसतो आणि सकाळी परत वर येतो, कारण वाळताना खालचं पाणी त्याला धाग्याच्या टोकावर आणतं. यावर माझा उपाय: जागा टिपून घ्यायची, वर कोरडा पांढरा टॉवेल आणि त्यावर वजन. प्रिंटरजवळ न फोडलेली ए-फोर कागदाची रीम हमखास सापडते, ती ठेवायची.

काम सुरू करायच्या आधीच एसी चालू ठेवायला लेखी परवानगी घ्या, पावसाळ्यात तर हमखास. हवा खेळती असेल तर एक-दोन तासांत कार्पेट वाळतं. तोवर खुर्च्या टेबलावरच. लोखंडी पायाचं कपाट सरकवलं असेल तर खाली प्लास्टिकचा तुकडा घाला, नाहीतर गंजाचा चौकोन उमटतो.

वर्षा-दीड वर्षाने पाणी मारून खेचायची धुलाई लागतेच, खोलवरचा मळ या पद्धतीने येत नाही. हे क्लायंटला आधीच सांगा.

आणि दुसऱ्या दिवशीचा व्हॅक्यूम. केमिकलने बांधलेला मळ अजून कार्पेटमध्येच असतो, आणि हाऊसकीपिंगवाल्यांना वाटतं की कालच साफ झालंय. त्या दिवशी ते नेमका व्हॅक्यूम चुकवतात. म्हणून मी कोटेशनमध्ये दुसरी फेरी वेगळ्या ओळीत लिहितो, तिचे पैसे लावतो आणि एक पोरगा पाठवतो. पिशवी भरली की तो तिचा फोटो मॅडमना पाठवतो. पुढच्या वेळी त्या ओळीवर घासाघीस होत नाही.