फिश टँकसाठी आरओ यंत्र: तपासणीतील आणि देखभालीतील या चुका टाळा

मुंबई-पुण्यात महापालिकेचे पाणी घरी येत असेल आणि टँकमध्ये टेट्रा, गोरामी, एंजल असे नेहमीचे मासे असतील, तर आरओ यंत्र घेण्याआधी जरा थांबावे. धरणांचे हे पाणी मुळात फारसे जड नसते आणि त्यातील क्लोरीन अँटीक्लोरने काढला की बहुतेकांचे काम भागते. यंत्राची खरी गरज पडते ती बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्यांना, क्रिस्टल श्रिंप पाळणाऱ्यांना, डिस्कसची पैदास करणाऱ्यांना आणि समुद्री टँक ठेवणाऱ्यांना.

त्यांच्याकडून होणारी पहिली चूक म्हणजे स्वयंपाकघरातील पिण्याच्या आरओचे पाणी थेट टँकमध्ये ओतणे. या यंत्रांत बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, न गेलेले थोडे पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतो. काही मॉडेलांत त्याच्या जोडीला तांब्याचे कार्ट्रिज असते. माणसाला चालणारे तांब्याचे प्रमाण श्रिंप, गोगलगायी आणि प्रवाळ यांना मात्र घातक ठरते. माझे चेरी श्रिंप एकापाठोपाठ एक मरू लागले, तेव्हा मी अमोनिया आणि नायट्राइट तपासत बसलो होतो. दोष भिंतीवरच्या यंत्रात असेल हे फार उशिरा सुचले. टँकसाठी पाणी घ्यायचे असल्यास मेम्ब्रेननंतर लगेच, कंट्रोलर आणि कार्ट्रिज यांच्या आधी, वेगळी नळी काढून घ्यावी.

एकाच जागी मोजलेला टीडीएस

बहुतेक जण फक्त बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस पाहतात आणि त्यावरून मेम्ब्रेन चांगला की वाईट हे ठरवतात. एकट्या आकड्यावरून हे कळत नाही. आत जाणारे पाणी ६०० पीपीएम आणि बाहेर येणारे २४ असेल, तर मेम्ब्रेन ९६ टक्के क्षार अडवतो आहे. उन्हाळ्यात बोअर आटली, १२०० टीडीएसचा टँकर आला आणि बाहेरचा आकडा ४८ झाला, तरी प्रमाण तेच ९६ टक्के राहते, म्हणजे मेम्ब्रेन निर्दोष आहे. याउलट आत ६०० असतानाच बाहेर ९० दिसू लागले, तर प्रमाण ८५ टक्क्यांवर आले असे समजावे आणि कारण शोधावे. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवले, तर मेम्ब्रेन कधी बदलायचा हे ती वहीच सांगते आणि वार्षिक करारातल्या तंत्रज्ञाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

मोजण्याची वेळही महत्त्वाची आहे. यंत्र बंद असताना मेम्ब्रेनच्या एका बाजूचे क्षार हळूहळू दुसऱ्या बाजूला झिरपतात, त्यामुळे सुरुवातीच्या पाण्याचा टीडीएस नेहमीच जास्त दिसतो. पहिली दोन-तीन मिनिटे पाणी सोडून द्यावे आणि मगच मोजावे. याच कारणाने दर तासाला थोडे थोडे पाणी भरण्यापेक्षा एकदाच ड्रम भरून घेणे हिताचे असते. मीटरही अधूनमधून ३४२ पीपीएमच्या प्रमाणित द्रावणात बुडवून पाहावा. त्याची बॅटरी उतरली की आकडा भरकटतो.

जे टीडीएस मीटरला दिसत नाही

मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, क्लोरीन मोजत नाही, आणि घरगुती यंत्रातील मेम्ब्रेनचा सर्वांत मोठा शत्रू क्लोरीनच असतो. तो अडवण्याचे काम कार्बन फिल्टर करतो. स्पन, म्हणजे गाळ अडवणारा पांढरा फिल्टर, मातकट झाला की डोळ्यांना दिसतो. कार्बन संपला तरी बाहेरून जसाच्या तसा दिसतो, म्हणून त्याची चाचणीच घ्यावी लागते. गावोगावी पाणीपुरवठ्यासाठी वापरली जाणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट येथे पुरेशी आहे. वेस्टच्या, म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याच्या, नळीतून येणारे पाणी कार्बनमधून गेलेले असते. त्यात ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळसर छटा आली, तर कार्बन त्याच दिवशी बदलावा. हे रसायन विषारी असल्याने तपासलेले पाणी टँकमध्ये परत ओतू नये. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीनची मात्रा वाढवली जाते आणि सोसायटीची टाकी धुतल्यावर कोणी हात सैल सोडून ब्लीचिंग पावडर टाकतो. या दोन्ही वेळी चाचणी चुकवू नये.

बिघाड नेमका कोणता हे पाण्याच्या धारेवरून ओळखता येते. क्लोरीनने मेम्ब्रेन खराब केला असेल, तर शुद्ध पाण्याची धार वाढते आणि टीडीएसही वाढतो. क्षारांचा थर बसला असेल, तर टीडीएस चढतोच, पण धार मंदावते. धार मंद आणि टीडीएस मात्र ठीक असेल, तर मेम्ब्रेनकडे जाण्याआधी दाब आणि स्पन तपासावेत. गच्चीवरची टाकी नळापासून १० मीटर उंच असली, तरी दाब जेमतेम १४ पीएसआय मिळतो आणि मेम्ब्रेनला साधारण ५० ते ६० लागतो, म्हणून बूस्टर पंप हवाच. पाणी जितके थंड, तितकी धार कमी. दर अंश सेल्सिअसमागे अंदाजे ३ टक्के घट होते. नाशिकच्या डिसेंबरमध्ये केवळ तेवढ्यासाठी नवा मेम्ब्रेन घेऊ नये.

वेस्ट पाणी वाचवण्यासाठी त्या नळीला चिमटा लावणे किंवा फार लहान एफआर (वेस्टचा प्रवाह रोखणारा फ्लो रिस्ट्रिक्टर) बसवणे ही चूक चांगल्या हेतूने होते. तेच पाणी मेम्ब्रेनवरचे क्षार वाहून नेते. एका मिनिटात दोन्ही नळ्यांचे पाणी मापात धरून पाहावे; जड पाण्यासाठी शुद्ध एक भाग आणि वेस्ट सुमारे तीन भाग हे प्रमाण सुरक्षित आहे. वेस्ट पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरता येते. मूळ पाणी खारट असेल, तर कुंड्यांना घालू नये.

समुद्री टँकसाठी शेवटी उरलेसुरले क्षार शोषून घेणारे डीआय रेझिन लागते. टीडीएस शून्यावरून १ किंवा २ झाला की ते बदलावे, कारण संपत आलेले रेझिन सिलिका सोडू लागते आणि काचेवर तपकिरी थर धरतो.

पाणी तयार झाल्यानंतर

शुद्ध आरओ पाण्याचा पीएच मोजून घाबरणे व्यर्थ आहे. त्यात क्षार नसल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळताच तो ६ च्या आसपास उतरतो. खरा धोका असा की केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) शून्य असलेल्या टँकमध्ये पीएच अचानक कोसळू शकतो. म्हणून पाणी बदलताना आपल्या माशांना हवे तेवढे जीएच (पाण्याचा जडपणा) आणि केएचचे क्षार आधी मिसळावेत. मात्र बाष्पीभवनाने कमी झालेली पातळी भरताना साधेच आरओ पाणी वापरावे, कारण बाष्पाबरोबर क्षार जात नाहीत आणि क्षारयुक्त पाण्याने पातळी भरत राहिल्यास टँकचा टीडीएस आठवड्यागणिक चढत जातो.

हाउसिंगच्या, म्हणजे फिल्टर बसवायच्या डब्याच्या, ओ-रिंगला व्हॅसलीन लावू नये. काही प्रकारचे रबर त्याने फुगते. सिलिकॉन ग्रीस वापरावे. गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाताना मेम्ब्रेन हाउसिंगमध्ये पाण्याने भरलेलाच ठेवावा, तो कोरडा पडू देऊ नये, आणि परतल्यावर पहिल्या अर्ध्या तासाचे पाणी टँकसाठी न घेता बादलीत काढावे.