जखमी समुद्री कासव पाण्यात ढकलू नका

किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं की त्याला लगेच समुद्रात सोडावंसं वाटतं. कृपा करून तसं करू नका. कासव श्वास हवेतूनच घेतं. अंगात त्राण नसेल तर डोकं वर काढता येत नाही आणि ते चक्क बुडून मरतं. वन विभागाला किंवा बचाव पथकाला कळवा, तोवर सावली करा. कडक ऊन असेल तर पाठीवर ओला कपडा टाका, नाकपुड्या उघड्या ठेवून. खायला-प्यायला काही देऊ नका. उचलताना कवच दोन्ही बाजूंनी धरा, पाय ओढू नका.

तोंडातून तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) लोंबत असेल तर ती मुळीच खेचायची नाही. दुसरं टोक गळासकट आतड्यात रुतलेलं असू शकतं, ओढ बसली की आतडं चिरतं. कापावीच लागली तर हातभर बाहेर राहू द्या. त्यावरूनच डॉक्टरांना आतला माग काढता येतो.